घरी ईव्ही चार्जर बनवताय? केबल खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

नाशिककरांनो, पार्ट्स आणून घरीच ईव्हीचा एसी चार्जर जोडणार असाल तर हे वाचाच. अंबडला एका गाळ्यात पार्ट्स विकणाऱ्याने मला ७.४ किलोवॉटचं किट दिलं, कंट्रोलर बोर्ड, कॉन्टॅक्टर (वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच), आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त झाला की वीज तोडणारा ब्रेकर) आणि ५ मीटर केबलसकट टाइप २ गन (गाडीत खुपसायचं टोक), सगळं मिळून १८ हजार, पक्कं बिल मागितलं तर म्हणे दादा जीएसटी कशाला भरता. केबलवर ठसठशीत छापलेलं, ६ स्क्वेअर एमएम कॉपर, म्हणजे तारेची जाडी ६ ची आणि धातू तांबं.

लोड वाढवून घेतला, अर्थिंग नवीन केलं, जोडणी लायसन्सवाल्या वायरमन काकांनी केली. तरी पहिल्याच रात्री ३२ अँपिअरवर तासाभरात केबल हात लावू देईना आणि गनच्या मुठीपाशी प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला.

काकांनी मेन बंद करून टोक सोललं, एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत पांढरीफटक! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, याला सीसीए म्हणतात, ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच, त्यात जाडीही ६ ची नव्हती, ४ च्या वायरपेक्षा बारीक. सप्लाय परत देऊन आरसीबीओचं टेस्ट बटण दाबलं तर तो ट्रिपच होईना.

पण खरा संताप गनचा येतो. आत २२० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावरून गाडीला कळतं की केबल ३२ अँपिअरची आहे, आणि गाडी तेवढा करंट ओढते, तिला आतली तार थोडीच दिसते. म्हणजे बनवणाऱ्याने हे जाणूनबुजून केलंय, आणि वरच्या मजल्यावर माझे आईबाबा झोपलेले होते हो.

विकणारा म्हणाला तुमचं व्होल्टेजच जास्त असेल, मग नंबर ब्लॉक. १९१५ वर ग्राहक तक्रार केलीये, पैसे अजून नाहीत.

घेताना एक मीटर तुकडा मागा, एक कोअर (केबलच्या आतली एक वायर) सोलून नुसत्या तारा वजन करा. ६ स्क्वेअर एमएम तांबं मीटरला जवळपास ५४ ग्रॅम भरतं, माझं किचनच्या काट्यावर १५ सुद्धा भरलं नाही. दुकानदार कापू देत नसेल तर सरळ उठून या. आणि असलं किट आधीच लावलेलं असेल तर आज रात्री गाडी लावू नका, मेन बंद करून वायरमनकडून टोक सोलून बघा.