‘पाच टनी’ बेल्ट आणि साडेआठशे किलोचा ओंडका

क्रेन लावून झाड उतरवणाऱ्यांना गंडवण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे बेल्ट. 50 मिमी रुंदीचा पट्टा, लेबलावर ठळक ‘5 टन’, आणि भाव असा की हात आपोआप खिशात जावा. हा असतो ट्रकवर माल आवळायचा पट्टा. रॅचेट, म्हणजे ताणायची खटकी, काढून टोकांना लूप शिवलेले. त्यावरचे पाच टन म्हणजे तो तुटतो तो भार, उचलायचा नव्हे. पॉलिस्टर स्लिंगला, म्हणजे उचलायच्या बेल्टला, सातपट सुरक्षा धरतात: तुटायचा भार उचलायच्या भाराच्या सातपट. त्या मापाने हा पट्टा जेमतेम 700 किलोचा, तेही त्या शिलाईवर भरवसा ठेवला तर.

आता लाकडाचा हिशेब करा. ओलं लाकूड घनमीटरला ढोबळमानाने टनभर धरायचं. 60 सेंमी व्यासाचा, 3 मीटर लांबीचा ओंडका साडेआठशे किलोच्या आसपास भरतो, फांद्या वेगळ्या. झाडाला बेल्ट बहुतेक फास घालूनच लागतो आणि फासात क्षमता 20 टक्के घटते. म्हणजे अस्सल 1 टनी जांभळा बेल्टसुद्धा इथे 800 किलोचाच. या ओंडक्याला तो चालणार नाही. हिरवा 2 टनी घ्या, फासात 1.6 टन मिळतात. करवत लाकडाचा शेवटचा धागा कापते तेव्हा जो हिसका बसतो, त्याला एवढी शिल्लक हवीच.

रंग बघून खरेदी करू नका. पिवळा 3, करडा 4, लाल 5 टन हे नकली माल बनवणाऱ्यालाही पाठ असतं. लेबल वाचा: सरळ, फास आणि बास्केट (बेल्ट भाराखालून घेऊन दोन्ही टोकं हुकात) या तिन्ही क्षमता, सातपट सुरक्षेचा 7:1, धाग्याचा प्रकार, उत्पादक, अनुक्रमांक. पॉलिस्टरचं लेबल निळं असतं. अनुक्रमांक टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. दहा बेल्टांना मिळून एकच झेरॉक्स दिली, तर सर्टिफिकेट दिलंच नाही असं समजा.

दुसरा प्रकार जुन्या बेल्टांचा. बांधकामावरचे वापरलेले बेल्ट धुऊन, नवं लेबल शिवून येतात. लेबलाचा दोरा कापडापेक्षा ताजा दिसला, कडा केसाळ असल्या किंवा लूपच्या घडीत सिमेंट सापडलं, तर परत करा. सिमेंटमधला अल्कली पॉलिस्टर खातो, आणि ते नुसतं बघून कळत नाही.

हूक आणि शॅकलमध्ये (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) घडीवच्या नावाखाली ओतीव माल खपवतात. चांगल्या 3/4 इंची बो-शॅकलच्या (गोल पोटाच्या शॅकलच्या) अंगावर 4.75 टन हा आकडा उठावाचा असतो. गुळगुळीत घासलेल्या जागेवर ठोकलेला आकडा संशयाचा. पिनेच्या जागी साधा नटबोल्ट आला असेल तर बोलणंच खुंटलं. हुकाचा लॅच, म्हणजे तोंड बंद करणारी पट्टी, पातळ पत्र्याचा असतो. फांद्यांत शिरताना एखादी डहाळी त्याला आत ढकलते आणि बेल्ट निसटतो. झाडकामाला भार पडल्यावर आपोआप बंद राहणारा सेल्फ-लॉकिंग हूकच घ्यावा. नवा असतानाच तोंडाचं माप लिहून ठेवा, म्हणजे पुढे ते उघडलं की लगेच कळतं.

बाद झालेला बेल्ट मधोमध कापूनच भंगारात टाका. अख्खा दिलात, तर तोच धुऊन पुन्हा काउंटरवर येतो.