रेड डेड रिडेम्प्शन: आधी पहिला घ्यावा की दुसरा?

रेड डेड रिडेम्प्शन या काउबॉय काळातल्या व्हिडिओ गेमचे दोन भाग आहेत, आणि सेल लागला की आधी कुठला घ्यावा हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. मी दोन्ही पूर्ण केलेत, आधी दुसरा आणि मग पहिला, तो २०२४ च्या ऑक्टोबरात पीसीवर आला तेव्हा.

रिव्ह्यू बघून ठरवायचं म्हणाल तर अवघड आहे. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची शंभरपैकी सरासरी देणाऱ्या साइटवर, २०१० च्या पहिल्याला ९५, २०१८ च्या दुसऱ्याला ९७. दुसऱ्याला गेम अवॉर्ड्समध्ये कथेचं बक्षीस मिळालं, त्याचा नायक आर्थर साकारणाऱ्या रॉजर क्लार्कला अभिनयाचं मिळालं, आणि दोन्ही अगदी हक्काची. पण कौतुक करणाऱ्यांनीसुद्धा तेव्हाच लिहिलं होतं की कंट्रोल्स जड आहेत आणि मिशनमध्ये आखलेली वाट सोडली की मिशन फेल. मी ते वाचलं आणि सोडून दिलं.

मला दुसऱ्यात नडली ती रायफल. हँगिंग डॉग रँचवर ओड्रिस्कॉल टोळीचा अड्डा आहे, तिथे रात्री गेलो, घोडा लांब झाडीत ठेवला, वाकून वाकून कुंपणापर्यंत पोचलो, नेम धरायला वेपन व्हील, म्हणजे हत्यार निवडायचं चक्र, उघडलं तर हातात फक्त रिव्हॉल्वर, रायफल खोगिरालाच. शिट्टी मारली तर घोडा लांब, त्याला ऐकूच जात नाही. मग आलो तसं परत जा, रायफल काढा, परत या. एकदा झालं असतं तर माझी चूक म्हणून सोडलं असतं, पण हे शेवटपर्यंत चालूच राहिलं, कारण घोड्यावर बसून पुन्हा उतरलं की बंदूक खांद्यावर आहे की नाही हे दरवेळी बघावं लागतं. मला रोज रात्री जेवणानंतर तासभर मिळतो, त्यातली दहा मिनिटं अशी गेली की जीव चुटपुटतो.

पहिल्यात नायक मार्स्टनकडे सगळी हत्यारं अंगावरच, आणि शिट्टी कुठूनही मारा, घोडा धावत येतो. बास, एवढ्याने गोष्ट कुठे अडत नाही. मेक्सिकोत पोचल्यावर गोळीबार थांबतो, मार्स्टन एकटाच घोड्यावर बसून निघतो आणि गाणं सुरू होतं, तिथे मी मुद्दाम घोडा चालवत चालवत नेला, पळवलाच नाही.

पहिल्यातले चेहरे आता जुने वाटतात हे खरंय, मेक्सिकोतली काही मिशनं सारखीसारखी आहेत, नव्या आवृत्तीत मल्टिप्लेअरही नाही. आणि दुसऱ्यातल्या व्हॅलेंटाइन गावाच्या रस्त्यावरचा चिखल किंवा संध्याकाळी टोळीच्या कॅम्पवरच्या गप्पा, असं काही पहिल्यात शोधू नका, त्या बाबतीत दुसऱ्याच्या जवळपास कोणी नाही.

पण क्रम बघा ना. दुसरा घडतो १८९९ मध्ये, पहिला १९११ मध्ये, म्हणून बरेच जण दुसरा आधी खेळा म्हणतात. मला तरी उलटं वाटतं. पहिल्यात सरकारी माणसं मार्स्टनच्या बायको-मुलाला अडकवून त्याला जुन्या साथीदारांच्या मागे लावतात, त्यात हावियेर आहे, बिल आहे. ही शिकार आधी करून मग दुसऱ्यात तोच हावियेर शेकोटीपाशी गिटार वाजवताना दिसला असता तर काय वाटलं असतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

सुट्टीत सलग पाच-सहा तास बसता येणार असेल तर दुसरा घ्या, मी नाही म्हणणार नाही. रोजचा तासभरच असेल तर मात्र पहिला, आणि तो १२ जीबीतच मावतो, दुसऱ्याला दीडशे जीबी रिकामी करावी लागते.