सेवाग्रामकडचा मिस्ट्री कॅश: पावसाळ्यापासून वापरून पाहिला

सेवाग्राम-पौनार भागातल्या या जिओकॅशवर (जीपीएसच्या मदतीनं हुडकायचा लपवलेला डबा) मी पावसाळ्यापासून शाळेतल्या पोरांना नेतोय. प्रश्न तेच असले तरी टोळी दर वेळी नवी आणि भांडणंही नवी, म्हणून कंटाळा आला नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात: नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं तिथं डबा नसतो, तो साधारण तीन किलोमीटरच्या आत कुठंतरी असतो. डब्याच्या अक्षांश-रेखांशातले अंश आणि मिनिटं आयती मिळतात. मिनिटांच्या दशांशानंतरचे तीन-तीन आकडे प्रश्नांच्या उत्तरांतून काढायचे.

यातले निम्मे प्रश्न फुसके आहेत. भूदान कोणत्या साली सुरू झालं (१९५१), तुकडोजी महाराजांचं जन्मसाल (१९०९), शकुंतला रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर (७६२ मिलिमीटर). उत्तरं फोडली म्हणून ओरडू नका, मोबाईलवर दोन मिनिटांत मिळतात. एक प्रश्न तर धड घातलेलाच नाही: ‘सेवाग्राम कधी झालं?’ गांधीजी इथं, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले १९३६ मध्ये, गावाला सेवाग्राम हे नाव मिळालं १९४० मध्ये. मग सालाचा शेवटचा आकडा ६ घ्यायचा की ०? हा आकडा अक्षांशाच्या तीन आकड्यांतला मधला. तिथं एका अंकाला साडेअठरा मीटर पडतात, म्हणजे सहाच्या फरकानं माणूस शंभरावर मीटर सरकून भलत्याच्याच तुरीत. तक्रार केल्यावर बनवणाऱ्यानं सगळ्या आकड्यांची बेरीज खाली टाकली, ते बरं झालं. दोन आकड्यांची अदलाबदल मात्र बेरजेत पकडली जात नाही.

या कॅशची खरी मजा विहिरीच्या प्रश्नात आहे. गावातल्या जुन्या विहिरीच्या दगडावर कोरलेल्या सालाचा शेवटचा आकडा विचारलाय, आणि तो कुठल्याच साइटवर नाही. दगडावर चुन्याचे थरावर थर. पोरांनी नारळाच्या किशीनं घासलं, पाणी मारलं, मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरला. तरी झिजलेला १ की ९ ते ठरेना. अर्धी टोळी एकाकडं, अर्धी नवाकडं. शेजारच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेली आजी बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अवो मास्तर, नऊ हाय तो. माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं.” त्यानंतर विहीर कोणी खोदली, दुष्काळात पाणी कुठवर गेलं, असं सगळं निघालं. डबा त्या दिवशी राहूनच गेला. सहाही प्रश्न असे असते तर मी डोळे मिटून पाच तारे दिले असते. सध्या साडेतीन.

डब्याच्या जागेबद्दल तक्रार नाही. झाडाखाली मोबाईलचा जीपीएस दहा-बारा मीटर इकडंतिकडं भटकतो, तेव्हा स्क्रीन खिशात घालून धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) गोटे बघा. एकाखाली गवत उगवलेलं नसतं. झाकणाला रबर आहे, पण ओल आत जातेच. डब्यातल्या नोंदवहीची पानं दमट झाली की बॉलपेन उमटत नाही, पेन्सिल न्या.

पावसाळ्यात पांदणीनं गाडी घालू नका, काळी माती चाकाला धरली की ढकलायलाही कोणी येत नाही. तुरीची सोंगणी झाल्यावर गेलेलं बरं. आणि वावरवाल्याला आधी सांगून ठेवा. धुऱ्यावर वाकून काहीतरी हुडकणारी दहा पोरं लांबून पाहिली तर तो काठी घेऊनच येणार.