बॉर्डर कॉली की जर्मन शेफर्ड? गोव्यातल्या घरासाठी

फ्रिस्बी झेलणारा काळा-पांढरा बॉर्डर कॉली मोबाईलवर बघून पोरांनी हट्ट धरला, की मोठी माणसं आधी जागेचा हिशेब करतात. अंगण आहे, मागे पोफळीचं कुळागर आहे, मग काय अडलं, असं फोंड्याच्या माणसाला वाटतं. पर्वरीचा फ्लॅटवाला मात्र आधीच माघार घेतो. दोघांचाही अंदाज चुकू शकतो. या कुत्र्याला काम लागतं आणि ते काम देणारा माणूस रोज हजर लागतो. कुळागरात नुसता मोकळा सोडला तर थोड्याच वेळात कंटाळून पोफळीची आळी उकरायला घेईल.

याच्याबरोबर हमखास नाव निघतं जर्मन शेफर्डचं. दोघेही मेंढपाळांचेच कुत्रे, पण कामाची रीत निराळी. बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला. लांब पांगलेली मेंढरं मोठा वळसा घालून गोळा करायची आणि धन्याकडे आणायची, तीही न भुंकता, अंग जमिनीलगत ठेवून, नुसती नजर रोखून. १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प या रीतीत इतका तयार होता, की आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा वंश त्याच्यापर्यंत जाऊन पोचतो. जर्मन शेफर्डच्या पूर्वजांकडे राखणीचं काम होतं. कळप पिकाच्या कडेने चरत असताना हद्दीवर येरझारा घालायच्या आणि एकही मेंढरू पिकात शिरू द्यायचं नाही. १८९९ मध्ये जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी या कुत्र्यांची रीतसर जात म्हणून नोंद सुरू केली.

हा फरक आपल्या अंगणात रोज दिसतो. जर्मन शेफर्ड कंपाउंडची हद्द आपली मानतो आणि अनोळखी माणसावर संशय घेतो. नारळ काढायला आलेला पाडेली फाटकातच खोळंबतो. लहानपणापासून माणसांची सवय लावली नाही, तर हा स्वभाव पुढे आवरत नाही. कॉलीचं लक्ष हलणाऱ्या वस्तूवर. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंपों ऐकू आला की कान टवकारतात, मान खाली जाते, पुढचा एक पाय हवेत थांबतो आणि सायकल फाटकासमोर आली रे आली की झेप. स्कूटर, मांजर, कोंबड्या, सगळं त्याच्या लेखी कळपच. चवथीला घरात पोरांची धावपळ सुरू झाली की तो त्यांना एका कोपऱ्यात हाकणार, नाही ऐकलं तर टाचेला दात लावणार. त्यात राग नसतो, पण चार वर्षांच्या पोराला ते कोण समजावणार?

हवेच्या बाबतीत दोघेही इथले नव्हेत. कुत्रा अंग थंड करतो तो मुख्यतः धापा टाकून, आणि हवाच दमट असली की धापांचा उपयोग निम्मा होतो. जर्मन शेफर्ड दमला की बहुधा सावलीत आडवा होतो. कॉली चेंडू फेकाल तोवर पळत राहतो, जीभ लोंबली, पाय लटपटले तरी. थांबायचं कधी हे तुम्हीच ठरवायचं. मार्च ते मे फिरणं उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर, वाळू आणि डांबर हाताला सोसेल तेव्हाच. काही जण उन्हाळ्यात दोन्ही जातींचे केस भादरून टाकतात. ते करू नका. दुहेरी केसांमुळे, म्हणजे वरचे केस आणि आतली लोकर यांमुळे, उन्हापासूनही थोडा बचाव होतो, आणि भादरलेले केस नंतर नीट येतीलच याची खात्री नसते.

पावसाळा त्याहून कटकटीचा. जुलैत फिरवून आणलं की वरून पुसलेला कुत्रा कोरडा वाटतो, पण कानामागे, काखेत, शेपटीच्या मुळाशी आतली लोकर ओलीच असते. तिथेच खाज सुटते, मग वास, मग चट्टे. टॉवेल आणि पंखा रोजचे. बोटांच्या बेचक्यांत आणि कानाच्या पाळीत गोचीड शोधायचे, कारण गोचिडांपासून येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजारावरची, लस व्हेटला आठवणीने विचारा.

हुशारीत कॉली पुढे, यात वाद नाही. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं ओळखता येत होती. तिच्या धन्याचं त्यावरचं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तो धनी निवृत्त मानसशास्त्रज्ञ होता आणि रोज तासन्‌तास तिच्यामागे असायचा. तेवढा वेळ मिळाला नाही तर हीच हुशारी फाटकाची कडी उघडायला लागते. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा राहिला तर भुंकून सोसायटी डोक्यावर घेईल.

आकाराचाही विचार करा. कॉली साधारण १४ ते २० किलोचा, जर्मन शेफर्ड २२ ते ४०. खर्चही त्याच प्रमाणात. शेफर्ड घेताना आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागा, कॉलीसाठी डोळ्यांची तपासणी.

माझं मत सरळ आहे. घरातलं एक माणूस रोज दीड-दोन तास देणार असेल आणि पावसात घरातल्या घरात वस्तू शोधण्याचे खेळ खेळवणार असेल, तर फ्लॅटमध्येही कॉली राहू शकेल. कंपाउंड आहे, राखणही हवी आहे आणि घरात कोणीतरी कायम असतं, तर जर्मन शेफर्ड. नवरा-बायको दोघंही नोकरीला पणजीत आणि म्हातारी माणसं घरात, तर दोन्हींचा नाद सोडा. बेवारस कुत्र्यांच्या आसऱ्यातून एखादा वयात आलेला गावठी आणा. त्याचे केस आखूड, हवा त्याच्या सवयीची, आणि स्वभाव कसा आहे ते आणण्याआधीच बघता येतं. गुबगुबीत पिल्लाच्या बाबतीत तेवढंच कळत नाही. गावठी कुत्रा आणला म्हणजे हात आखडता घेतला, असं शेजारी म्हणतील. म्हणू देत.

पिल्लूच आणायचं ठरलं तर दिवाळीचे फटाके संपल्यावर, नोव्हेंबरात आणा. कोरड्या हवेत लशी उरकतात आणि शिगम्यापर्यंत ते बाहेर फिरायला लागलेलं असतं. ढोल-ताशे पहिल्यांदा लांबूनच ऐकवा.