अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची तुलना करताना नोकरदारांचा कोणता आकडा धरावा?

रोनाल्ड रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नागरी नोकरदार वाढले आणि बिल क्लिंटन यांच्या आठ वर्षांत घटले. रेगन सरकार लहान करणारे आणि क्लिंटन सरकार वाढवणारे, या दोघांच्या प्रतिमेच्या हे अगदी उलट आहे. या विषयावर लेख किंवा प्रकल्प करणाऱ्याने आधी कोणती मोजणी वापरायची ते ठरवावं, कारण मोजणी बदलली की निष्कर्षही बदलू शकतो.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची आणि तलाठ्याची नोकरीही ‘सरकारी’च धरली जाते. अमेरिकेत शाळा, पोलीस, अग्निशमन हे राज्य आणि स्थानिक सरकारांकडे असतं, आणि तिथे मिळून सुमारे २ कोटी माणसं कामाला आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या नावावर मांडायचे ते फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्मचारी; २०२५ च्या सुरुवातीला ते साधारण ३० लाख होते. सैनिक यात येत नाहीत.

मोजण्या मुख्यतः तीन आहेत. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे बीएलएस, हे कामगारविषयक आकडेवारीचं सरकारी कार्यालय दर महिन्याला आकडा देतं. ज्या पगार-कालावधीत महिन्याची १२ तारीख येते, त्यात पगारपत्रकावर असलेला प्रत्येक जण मोजला जातो. टपाल सेवा यात धरलेली असते, सीआयएसारख्या गुप्तचर संस्था वगळलेल्या असतात. दुसरी मोजणी कार्मिक कार्यालयाची, म्हणजे ओपीएमची. ती सेवानोंदींवरून होते. खातं, हुद्दा, वय, कोण आलं, कोण गेलं असा तपशील तिथेच मिळतो, पण टपाल कर्मचारी नसतात. तिसरी अर्थसंकल्पातली ‘पूर्णवेळ समतुल्य’ पदं. वर्षाला साधारण २,०८० तास काम म्हणजे एक पद, त्यामुळे अर्धवेळ काम करणारे दोघं मिळून एक धरले जातात.

राष्ट्राध्यक्षांची एकमेकांशी तुलना करायची असेल, तर आमचा कौल बीएलएसच्या ‘टपाल सेवा वगळून फेडरल’ या मालिकेला आहे. महिन्यांची सलग मालिका मिळते आणि टपालाचा गोंधळ टळतो. कोणत्या खात्यात कपात झाली हे हवं असेल तर ओपीएम. खर्चाशी सांगड घालायची असेल तरच पूर्णवेळ समतुल्य पदं.

टपाल वगळण्यावर एवढा भर का, ते बीएलएसच्या एकूण आकड्यावरून कळेल. आकडे अंदाजे आहेत, सूत्रं हाती घेतलेल्या जानेवारीपासून सोडलेल्या जानेवारीपर्यंतचे:

रेगन: २९ लाख ते ३१ लाख
थोरले बुश: ३१ लाख, जवळपास तेवढेच
क्लिंटन: ३१ लाख ते २७.५ लाख
धाकटे बुश: २७.५ लाख ते २८ लाख
ओबामा: २८ लाख, जवळपास तेवढेच
ट्रम्प, पहिली कारकीर्द: २८ लाख ते २९ लाख
बायडन: २९ लाख ते ३० लाख

यावरून धाकटे बुश (२००१ ते २००९) आणि ओबामा (२००९ ते २०१७) यांच्या काळात काहीच घडलं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात टपाल सेवेचे कायम कर्मचारी २००० मध्ये ७.८८ लाख होते, ते २००८ मध्ये ६.६३ लाख आणि २०१६ मध्ये ५.०९ लाखांवर आले. पत्रं कमी झाली, छाननी यंत्रांवर गेली, २००८ च्या मंदीने उरलंसुरलं केलं. टपाल सेवेचा खर्च मुख्यतः तिच्याच उत्पन्नातून चालतो आणि तिथली भरती राष्ट्राध्यक्ष ठरवत नाहीत. म्हणजे टपालात लाखाहून अधिक माणसं कमी होत असताना एकूण आकडा स्थिर राहिला, याचा अर्थ बाकीची खाती तेवढीच वाढली. बुश यांच्या काळात ११ सप्टेंबरनंतर विमानतळांवरची तपासणी खासगी कंपन्यांकडून काढून नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने टीएसए या नव्या सरकारी वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे दिली गेली आणि हजारो तपासनीस सरकारी पगारावर आले.

क्लिंटन यांच्या बाबतीत फसगत उलट दिशेने होते. त्यांच्या काळात टपाल कर्मचारी वाढत होते, त्यामुळे एकूण आकड्यात त्यांची कपात खऱ्यापेक्षा कमी दिसते. या कपातीकडे नीट पाहावं, कारण ठरवून केलेल्या कपातीचं ते सर्वांत चांगलं दस्तऐवजीकरण झालेलं उदाहरण आहे. १९९३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्याकडे कारभाराचा फेरआढावा सोपवला गेला. १९९४ च्या कायद्याने २,७२,९०० पूर्णवेळ समतुल्य पदं कमी करण्याचं लक्ष्य ठरलं आणि स्वतःहून जाणाऱ्याला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. लक्ष्य ओलांडलं गेलं. मात्र फार मोठा वाटा संरक्षण खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांचा होता. शीतयुद्ध संपलं होतं आणि लष्करी तळ बंद करण्याच्या फेऱ्या १९८८ पासूनच सुरू होत्या. दुसरं असं की रक्कम घेऊन गेले ते बहुतेक निवृत्तीला आलेले अनुभवी लोक. खरेदी आणि कार्मिक विभाग विशेष आक्रसले, आणि पुढे कंत्राटं वाढली तेव्हा त्यांच्यावर देखरेख करायला माणसं कमी पडली.

रेगन यांचं गणितही संरक्षण खात्यातच सुटतं. शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी नोकरभरती थांबवली. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केलं. पण संरक्षणावरचा खर्च वाढला तशी त्या खात्याची नागरी भरतीही वाढली आणि एकूण बेरीज वर गेली. भरतीबंदीबद्दल संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८२ मध्येच नोंदवलं होतं की आधीचे राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि रेगन यांच्या अशा बंद्यांनी कर्मचारीसंख्येवर फारसा परिणाम झाला नाही, कामात मात्र खोळंबा झाला. भरतीबंदीची घोषणा म्हणजे कपात, असं कधीही लिहू नये.

मासिक मालिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेचा उंचवटा येतो. मे २०१० या एका महिन्यात ४,११,००० हंगामी जनगणना कर्मचारी घेतले गेले आणि काही महिन्यांत ते गेलेही. २०२० मध्ये साथीमुळे काम लांबलं, तेव्हा उंचवटा ऑगस्टकडे सरकला. शून्यावर संपणाऱ्या वर्षातला कोणताही महिना आधार म्हणून धरला तर आलेख खोटं बोलेल.

२०२५ चं वर्ष वेगळं आहे आणि तिथे तारखा जपून वापराव्या लागतात. ट्रम्प यांनी २० जानेवारीला भरती थांबवली आणि २८ जानेवारीला राजीनाम्याची योजना जाहीर झाली: राजीनामा आत्ता द्या, पगार ३० सप्टेंबरपर्यंत घ्या. सुमारे दीड लाख लोकांनी ती स्वीकारली. पगारी रजेवरचा माणूस बीएलएसच्या मोजणीत नोकरीतच असतो. त्यामुळे घरी बसलेले हजारो लोक उन्हाळाभर आकड्यात राहिले आणि ऑक्टोबरमध्ये एकदम १,६२,००० ची घट दिसली. नोव्हेंबरपर्यंत जानेवारीपासूनची घट २,७१,००० झाल्याचं बीएलएसने त्या वेळी जाहीर केलं. त्याच सुमारास १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर खर्चाला संसदेची मंजुरी नसल्याने सरकारी कामकाज ठप्प होतं. ती घट या बंदमुळे झाली, असं समजणं चूक आहे. बंदच्या काळात घरी पाठवलेल्यांना मागाहून पगार मिळतो, म्हणून बीएलएसच्या या पगारपत्रकांवरून होणाऱ्या मोजणीत ते कामावरच धरले जातात. बेरोजगारी मोजण्यासाठी घरोघरी होणाऱ्या पाहणीत मात्र तेच लोक तात्पुरते बेरोजगार म्हणून दिसतात. दोन पाहण्यांचे आकडे एकाच परिच्छेदात मिसळू नयेत.

दशकांची तुलना असेल तर नुसती संख्या पुरत नाही. १९८१ मध्ये बिगरशेती नोकऱ्यांत फेडरल वाटा ३ टक्क्यांच्या वर होता, २०२५ च्या सुरुवातीला तो २ टक्क्यांच्या आत होता. कंत्राटदारांची माणसं यांपैकी कुठल्याच मोजणीत येत नाहीत, त्यामुळे पदं घटली म्हणजे काम घटलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

सुरुवातीचा महिना जानेवारीच घ्या. शपथविधी २० तारखेला आणि मोजणी १२ तारखेच्या पगार-कालावधीची, म्हणून जानेवारीचा आकडा मावळत्या राष्ट्राध्यक्षाचा ठरतो. अर्थसंकल्पी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे नव्या माणसाचे पहिले आठ महिने जुन्याच तरतुदींवर जातात. कोणी ऑक्टोबर ते ऑक्टोबर मोजलं तर तेही चालेल, फक्त एकदा ठरवलेला महिना सगळ्या राष्ट्राध्यक्षांना सारखाच लावा.