स्टॉकहोमला मीटरने गेलो आणि सात हजार मोजले

पुणे स्टेशनबाहेर "मीटरने येणार का?" असं विचारलं आणि रिक्षावाला हो म्हणाला, की निम्मी लढाई मी जिंकलेली असते. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये हीच सवय मला नडली.

नवऱ्याचं ऑफिसचं काम होतं. त्याला नाताळची सुट्टी जोडून मी, सासूबाई आणि बारा वर्षांची लेक असे आम्हीही चार दिवसांसाठी गेलो. तिथे त्या दिवसांत दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, हे वाचलेलं असतं, पण प्रत्यक्षात जेवण पचायच्या आत अंधार पडला की माणूस गडबडतोच. दुसऱ्या दिवशी आम्ही वासा म्युझियम पाहायला गेलो. 1628 साली पहिल्याच सफरीत, बंदराच्या बाहेरही न पडता बुडालेलं हे जहाज 1961 मध्ये वर काढलं. लाकूड, कोरीवकाम, सगळं शाबूत. आई तर तासभर मान वर करून बघत होत्या.

पाचच्या सुमाराला बाहेर आलो तर बर्फ पडत होता. सात नंबरची ट्राम जवळच थांबते, पण रस्ता निसरडा झाला होता आणि आईंचा गुडघा कुरकुरत होता. तेवढ्यात समोर काळी, चकचकीत टॅक्सी. चालक खाली उतरला, आईंसाठी दार उघडून उभा राहिला. मी आपली शहाणी, "मीटर?" म्हणून विचारलं. "यस, यस, मीटर," म्हणत त्याने मीटरवर बोटसुद्धा ठेवून दाखवलं. लेकीने कानटोपीवर बर्फ साठलेल्या आजीचा गाडीशेजारी फोटो काढला आणि आम्ही निघालो.

हॉटेल सेंट्रल स्टेशनजवळ, म्हणजे साडेतीन किलोमीटर. उतरताना मीटरवर 854 क्रोना.

मला आधी वाटलं, 85.4 असेल. पुसटसा टिंब दिसतो का म्हणून वाकून पाहिलं. टिंब नव्हता. चालकाने कार्डाचं मशीन पुढे धरलं होतं, मागून आई विचारत होत्या, "किती झाले गं?" मी कार्ड टेकवलं आणि मशीन टिंग वाजलं. आपले जवळजवळ सात हजार रुपये.

रिसेप्शनवरच्या मुलीला पावती दाखवली. तिला आश्चर्य वाटलं नाही, हेच मला जास्त लागलं. तिने एवढंच विचारलं, "खिडकीवरचा पिवळा कागद पाहिला होता का?"

कसला पिवळा कागद? मग लेकीने तो फोटो मोठा केला. आजीच्या खांद्यामागे, मागच्या दाराच्या काचेवर पिवळं-पांढरं स्टिकर, आणि त्यावर ठळक आकडा: 1190.

तर प्रकार असा आहे. स्वीडनमध्ये 1990 पासून टॅक्सीचे दर खुले आहेत. सरकार दर ठरवत नाही, ज्याचा तो ठरवतो. सरकारचं बंधन एवढंच की दर बाहेरून वाचता येतील असे लावा. त्या स्टिकरवरचा मोठा आकडा म्हणजे तुलनेसाठीचं भाडं: 10 किलोमीटर आणि 15 मिनिटांच्या प्रवासाला ही गाडी किती घेईल ते. आकडा 500 क्रोनाच्या वर असेल तर चालकाने निघण्याआधीच पक्की रक्कम सांगायची, असाही नियम आहे. आमच्या माणसाने सांगितली नाही. मीही विचारली नाही, कारण माझ्या डोक्यात मीटर म्हणजे सरकारी दर. तिथलं मीटर खोटं नव्हतंच हो. मालकाने जो दर भरला, तो ते इमानदारीत मोजत होतं.

रात्री पावती घेऊन बसले. बसताक्षणी 150, दर किलोमीटरला 64, शिवाय तासाला 1600. किलोमीटर आणि वेळ दोन्ही एकदमच चालू असतात. म्हणजे नुसती गाडी उभी राहिली तरी मिनिटाला सत्तावीस क्रोना. आम्ही स्ट्रांडव्हेगन या पाण्याकाठच्या रस्त्यावर सिग्नलला थांबून पाण्यातल्या दिव्यांचे फोटो काढत होतो, तेव्हाही. अठरा मिनिटांचे वेळेचेच 480 झाले. ट्रामला माणशी पन्नाससुद्धा लागले नसते.

नवऱ्याने पावतीवरच्या पत्त्यावर मेल केला. उत्तर आलं नाही. पावती मात्र जपून ठेवा, तक्रार करायची तर तिच्याशिवाय काहीच हाती नसतं. आणि मोठ्या, नाव असलेल्या कंपनीच्या गाडीसारखाच रंग आणि तसंच काहीसं नाव दिसलं म्हणून फसू नका, स्टिकरच वाचा. दुसऱ्या दिवसापासून मी येता-जाता वाचत होते. बऱ्याच गाड्यांवर आकडा चारशेच्या आसपास होता.

विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. जाताना थेट ट्रेन घ्यायची असं ठरलं होतं, वीस मिनिटांत पोचवते. पण पहाटेची वेळ, चार बॅगा आणि आईंचा गुडघा. शेवटी टॅक्सीच. स्टेशनबाहेर रांग होती. रांगेतली पहिलीच गाडी घ्यायची सक्ती तिथे नाही, हे एव्हाना कळलं होतं. पहिल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ मी हातमोज्याने पुसला, आकडा पाहिला आणि पुढे गेले. दुसरीही सोडली. तिसरीला विचारलं, "एअरपोर्ट, फिक्स्ड प्राइस?" त्याने रक्कम सांगितली, ती मी फोनवर टाइप करून त्याला दाखवली, त्याने मान हलवली, मग बॅगा ठेवल्या.

पहिल्या गाडीवाल्याने काच खाली करून स्वीडिशमध्ये काहीतरी ऐकवलं.

"काय म्हणाला गं तो?" आईंनी विचारलं.

"स्टेशनवर रिक्षा सोडली की म्हणतात तेच असणार," मी म्हटलं.