आरसा गार करायचा कसा: पंखा, पेल्टिए की पाण्याची नळी?

दुर्बिणीतून गुरूच्या कडा थरथरताना दिसल्या की आपण आधी आकाशाला दोष देतो. एकदा तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या आणि त्याची मोठी चकती नीट बघा. तिच्यावर धुरासारखे पट्टे एकाच दिशेने सावकाश सरकत असतील तर दोष दुर्बिणीच्या आरशाचा आहे. कोमट काचेला चिकटलेली गरम हवा वर उठत असते आणि प्रकाश त्या हवेतून जाताना एकदा, परतताना पुन्हा एकदा जातो. नोव्हेंबर १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून हेल आणि ॲडम्स या खगोलशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा गुरू पाहिला, तेव्हा त्यांना एकावर एक पडलेल्या कित्येक प्रतिमा दिसल्या. दिवसा घुमट उघडा राहून आरसा तापला होता. पहाटे तीनच्या सुमारास अभिजित तारा मात्र टोकदार दिसला. वाट पाहणे हाही एक उपाय आहे, पण तेवढ्यात अर्धी रात्र जाते.

शीतकरणाचे सामान घेण्याआधी थोडे गणित करून बघा. ३०० मिमी व्यासाचा आणि ४० मिमी जाडीचा बोरोसिलिकेट (उष्णतेने कमी प्रसरण पावणाऱ्या) काचेचा आरसा साधारण सव्वासहा किलोचा असतो. तो एक अंश उतरवायला सुमारे ५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे तासाभरात १० अंश उतरवायचे तर सरासरी १४ वॅट. आकडा एवढा लहान दिसतो की पेल्टिएचा, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या चकतीचा, मोह होतोच. मलाही झाला होता.

पण काच उष्णतेची वाईट वाहक आहे. हे १४ वॅट फक्त पाठीमागून ओढले, तर पुढचा पृष्ठभाग पाठीपेक्षा साडेतीन अंशांहून जास्त गरम राहतो. आपल्याला गार हवा असतो तो नेमका पुढचाच भाग. मी पाठीला पेल्टिएने गार केलेली धातूची पट्टी बसवली तेव्हा मागचा सेन्सर हवेशी जुळलेला दाखवत होता, आणि ताऱ्याच्या चकतीवर पट्टे तसेच सरकत होते. संपर्क चांगला व्हावा म्हणून पट्टी काचेवर दाबावी, तर आरसा वाकून तारा लांबट दिसायला लागतो. आणि पेल्टिए उष्णता संपवत नाही, इकडून तिकडे नेतो. ओढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही हीटसिंकमधून (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांच्या ठोकळ्यातून) बाहेर पडतात. तो हीटसिंक दुर्बिणीच्या नळीखाली असेल, तर ती गरम हवा थेट प्रकाशाच्या वाटेत चढते.

पंख्याचे वेगळे आहे. शांत हवेत असा आरसा सुमारे दोन तासांच्या कालांकाने निवतो; कालांक म्हणजे हवेशी असलेला फरक साधारण एक-तृतीयांशावर यायला लागणारा वेळ. म्हणजे १० अंशांचा फरक एका अंशावर यायला साडेचार तास लागतात. पाठीमागून एक पंखा आणि पुढच्या पृष्ठभागावरून आडवी हवा नेणारा दुसरा लावला, की कालांक ४० मिनिटांच्या आसपास येतो आणि तेच काम दीड तासात होते. दोन्ही बाजूंनी सारखी उष्णता निघत असल्याने काचेच्या आतला फरकही कमी राहतो. पुढच्या पंख्याचा आणखी एक फायदा असा की काच पूर्ण गार होण्याआधीच तो तिच्यावरचा गरम थर विस्कटून टाकतो. पंखे मात्र रबरी पट्ट्यांवर टांगा. स्क्रूने घट्ट बसवले तर कंप थेट प्रतिमेत उतरतो.

पंख्याची मर्यादा अशी की तो आरशाला हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही. रात्रभर पारा ताशी दीड अंश घसरत असेल, तर काच कायम एक अंश मागे राहते. ४० मिमीपर्यंतच्या आरशाला ते चालून जाते. जाडी दुप्पट झाली की कालांक आणि मागे राहणे, दोन्ही किमान दुप्पट होतात, आणि तिथे पंखा अपुरा पडतो.

पंपाने नळ्यांतून गार पाणी किंवा ग्लायकोल (सहज न गोठणारा द्रव) फिरवण्याचा मार्ग पक्क्या वेधशाळेपुरता ठेवा. हलवायच्या दुर्बिणीवर नळ्यांचा ओढा, पंपाचा कंप आणि गळतीची धास्ती, एवढे सगळे सोसावे असे त्यात काही नाही.

जाड आरशासाठी मी मोठ्या दुर्बिणींची वाट धरेन. ॲरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप या जोडदुर्बिणीचे ८.४ मीटरचे आरसे आतून मधाच्या पोळ्यासारखे पोकळ आहेत आणि त्यांच्या कप्प्यांत तापमान राखलेली हवा फुंकली जाते. म्हणजे गार करायची ती हवा, आणि काचेला गार करायचे काम त्या हवेचे. घरगुती बांधणीत पेल्टिए याच कामाला लावा: सूर्यास्ताआधी दुर्बिणीची नळी झाकून, उष्णतारोधक आवरण घालून आत गार हवा फिरवा, हीटसिंक आवरणाबाहेर ठेवा. निरीक्षण सुरू झाले की पेल्टिए बंद आणि नुसते पंखे चालू.

नियंत्रणाचे सर्किट कोणताही मार्ग घेतला तरी जवळपास तेच. लक्ष्य म्हणून ठरावीक तापमान देऊ नका, आरसा आणि हवा यांच्यातला फरक द्या. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची असते, म्हणून दोन्ही सेन्सर एकत्र बांधून पाण्याच्या पेल्यात ठेवा आणि त्यांच्यातला फरक प्रोग्रॅममध्ये वजा करा. आरशाचा सेन्सर कडेवर, पुढच्या बाजूजवळ, उष्णतावाहक पेस्टने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. नाहीतर तो काचेऐवजी हवाच मोजत बसतो. पंख्याला मॉस्फेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग राखणे, चालते. पेल्टिएला मात्र गुळगुळीत डीसी द्या, कारण चालू-बंद झटक्यांत त्याची कार्यक्षमता घसरते. पेल्टिए लावणार असाल तर आर्द्रतेचा सेन्सरही हवाच: आरसा दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव पडू लागते त्याच्या) दोन अंश वर असतानाच प्रोग्रॅमने पेल्टिए तोडला पाहिजे. एकदा काचेवर दव बसले की ती रात्र गेली, आणि घाईने पुसायला गेलात तर ॲल्युमिनियमच्या थरावर चरे पडतात.